गोळी काऊन नाई उडाली?

उडालेल्या गोळीचा किस्सा होत नाई. ती गेली, कागदाले लागली, आकडा आला, संपलं. किस्सा होते तो न उडालेल्या गोळीचा. घोडा दाबला, 'टक्' झालं अन् पुढं काहीच नाई, की समजा आमच्या रेंजवर एक किस्सा जन्माले आला. अकरा वर्षांत असे इतके जमा झाले की चहा संपते, किस्से नाई संपत.

रेंज म्हणजे मूल गावच्या एका राइस मिलच्या मागची टिनाची शेड, समोर पन्नास मीटर मोकळी जागा अन् शेवटी गोळ्या अडवायले मातीचा भल्ला मोठा धस. आमच्याकडे गोळीचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाचे कान उभे होते. तुम्ही काही भिऊ नका. आमची गोळी पॉइंट टू-टूची, बोटाच्या एका पेराएवढी. कागदावरच्या काळ्या गोलाले लागते अन् मातीत जाऊन बसते.

मी गजानन. त्याच मिलमध्ये बावीस वर्षं फिटर होतो. नेमबाजीचा क्लब निघाला तेव्हा बंदुका दुरुस्त करायले माणूस नव्हता. प्रभाबाई आमच्या कोच, शाळेतून रिटायर झालेल्या खेळाच्या मास्तरीण. त्या मिलमध्ये आल्या अन् म्हणे, "गजूभाऊ, तुम्ही पॉलिशर दुरुस्त करता, एलिव्हेटर दुरुस्त करता, तं रायफल का अवघड आहे?" मी म्हटलं, "काहीच नाई." कोर्स केला, कागद झाले, तेव्हापासून मी आर्मरर. फुकटची बढाई नाई मारत, पण या दोन जिल्ह्यांत बोल्ट उघडून बसलेल्या माह्यासारखा माणूस तुम्हाले सापडणार नाई.

माहा पहिल्या दिवसापासून एकच नियम. गोळी नाई उडाली तं पोट्ट्यानं कारण सांगायचं. "नशीब खराब", "नजर लागली", असलं चालत नाई. कारण असते, भूत नसते. हे वाक्य मी इतक्या वेळा बोललो की पोट्टे माह्या मागं माह्याच आवाजात बोलतात. मले माहीत आहे. बोलू द्या.

* * *

पहिला किस्सा लिंबाचा.

पहिल्याच उन्हाळ्यात प्रदीपच्या रायफलीनं छळ मांडला. प्रदीप म्हणजे बाजारातल्या धानाच्या व्यापाऱ्याचा पोरगा, हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. पहिल्यांदा घोडा दाबला की 'टक्'. तीच गोळी तशीच राहू देऊन पुन्हा घोडा चढवला की 'फाट्'. दर पाच-सहा गोळ्यांमागं हेच.

चौथ्या दिवशी येऊन पाहतो तं रायफलीच्या नळीले लिंबू अन् सात मिरच्या. आजीनं बांधून देल्ल्या. त्या दिवशी पहिली गोळी गेली 'फाट्'. दुसरी 'फाट्'. प्रदीपनं माह्याकडं असं पाह्यलं की मले मिलमध्ये परत जावंसं वाटलं.

तिसरी गोळी 'टक्'.

मी रायफल घेतली, मागचा सरकता दांडा, म्हणजे बोल्ट, काढला अन् गोळी बसते त्या घरात बॅटरी मारली. आतमधात गोळीवरचं मेण अन् मिलचा कोंडा मिळून मस्त पुटं बसली होती. शेड मिलच्या मागं, वारा मिलकडून, कोंडा उडून येते. त्या पुटांमुळे गोळी पुरी आत जात नव्हती, केसभर बाहेर राहत होती. बोल्टातली पिन मारे तं तिचा सगळा जोर गोळीले आत ढकलण्यातच जाये. पहिल्या फटक्यानं गोळी बसे, दुसऱ्यानं उडे. मी ब्रश घातला, चिंधी फिरवली, कोंड्याची अशी गोळी निघाली की कोंबडीनं खाल्ली असती.

"मग लिंबू?" प्रदीप म्हणे.

प्रभाबाईंनी ते सोडलं, हुंगलं अन् पदरात टाकलं. "हे राहू दे," म्हणे, "ऊन लय आहे, सरबताले होईल."

* * *

दुसऱ्या वर्षी रंजना आली. तिचा बाप गावच्या तलावात मासे धरते, ढिवर. घरात मासे, थोडं धान अन् बाकी मजुरी. पोट्टी नववीत होती, आवाज असा की पुन्हा विचारावं लागे, "काय म्हटलं?" मी प्रभाबाईले म्हटलं, "बाई, हिच्यानं रायफल उचलणार नाई." प्रभाबाई म्हणे, "भाऊ, ती जाळं उचलते. ओलं."

पहिल्याच महिन्यात तिची एक गोळी नाई उडाली. मी बोल्ट पाह्यला, ठीक. घर पाह्यलं, साफ. गोळी काढली तं बुडाच्या काठावर पिनेची खूण चांगली खोल. आता खूण खोल अन् गोळी गप, म्हणजे का?

मग मी सगळ्या पोट्ट्यांले बसवलं. सांगतलं की या गोळीले मधात टोपी नसते. पेटवायचा मसाला तिच्या बुडाच्या काठात असते, गोल, सगळीकडं. कारखान्यात ओला मसाला आत टाकतात अन् गोळीले गरगर फिरवतात, म्हणजे तो काठात जाऊन बसते. आता हजारात एखाद्या गोळीत काठाचा एक तुकडा रिकामा राहून जाते. पिन नेमकी तिथीच पडली तं ती कोरड्या पितळेले मारते. मसाला बाजूले झोपून राहते.

सगळ्यांनी माना हलवल्या. माना हलवणारे पोट्टे मले आवडत नाई, त्यातल्या एकालेही समजलं नसते.

मागून बारीक आवाज आला. "काका, मग तिले थोडी फिरवून पुन्हा घातली तं?"

मी गोळी अर्धा फेरा फिरवून घातली, स्वतः झोपलो अन् घोडा दाबला. 'फाट्'. काळ्या गोलाच्या मधात.

त्या दिवशी घरी जाऊन बायकोले म्हटलं, "एक पोट्टी आली. कारण विचारते." बायको म्हणे, "मग तुमचं काय राह्यलं तिथी?"

* * *

'टक्' झाल्यावर काय करायचं, हा रेंजवरचा सगळ्यात मोठा कायदा. रायफल हलवायची नाई. तोंड टार्गेटकडंच. एक हात वर अन् मनात तीस मोजायचे. कधीकधी आतला मसाला उशिरा पेटते. बोल्ट घाईनं उघडला अन् तेव्हाच पेटला तं डोळा जाते.

पोट्टे तीस मोजतात म्हणजे दहाच मोजतात. फक्त रंजना पुरे मोजे. मी एकदा घड्याळ लावून पाह्यलं तं बरोबर. विचारलं, "कशी मोजते वं?" तं म्हणे, "मोजत नाई, काका. बाबा जाळं फेकतात तं शिशाच्या गोळ्या तळाले जाईपर्यंत दोरी ओढत नाई. लवकर ओढलं तं मासा खालून जाते. तेवढंच थांबतो."

आता एका वर्धापनदिनाले आम्ही मोठे पाहुणे बोलावले. नाव नाई सांगत, माणूस चांगला होता. फीत कापली, भाषण झालं, मग म्हणे, "एक गोळी मी पण मारतो." झोपवलं त्यांले चटईवर. फोटोवाला बाजूले. घोडा दाबला, 'टक्'.

पाहुणे उठून बसले अन् रायफलीसकट मागं वळले. "अरे, हे चाललं काऊन नाई?"

नळी फिरली तशी मागची सगळी मंडळी सपाट. क्लबचे अध्यक्ष खुर्चीखाली, फोटोवाला कॅमेऱ्यासकट टेबलाखाली. मी बावीस वर्षं मशिनीत राह्यलेला फिटर, मीही जमिनीवर. खोटं कशाले बोलू.

एकटी रंजना उभी राह्यली. पुढं गेली, दोन बोटांनी नळी धरली अन् हळूच धसाकडं वळवली.

"साहेब," म्हणे, "तोंड तिकडं ठेवा. जाळं अजून तळाले गेलं नाई."

* * *

पावसाळ्यात इथी मिठाचा दगड होते, गोळीचं काय घेऊन बसले. ओल महिनोन्‌महिने राह्यली की काठातला मसाला सुस्त होते.

एकदा मोठ्या शहरातून एक जाणकार आले, क्लब तपासायले. त्यांच्याजवळ हवेतली ओल मोजायचं यंत्र. गोळ्यांच्या कपाटात ठेवलं, पाह्यलं, म्हणे, "एकदम ड्राय. एक्सलंट."

प्रभाबाईंनी कपाटाच्या कोपऱ्यातली वाटी काढली. वाटीत मुरमुरे. एक तोंडात टाकला, चावला, मान हलवली. "नरम झाला. पेट्या बाहेर काढा, बल्ब लावा."

जाणकार हसले. लय हसले. मग यंत्राची पाठ उघडली तं आतमधली बॅटरी फुगून बसलेली. यंत्र त्यांच्या गावचाच आकडा दाखवून राह्यलं होतं.

जाताना त्यांनी प्रभाबाईले विचारलं की ही पद्धत लिहून घेऊ का. बाई म्हणे, "घ्या ना जी. पण मुरमुरे रोज बदला, पोट्टे खाऊन टाकतात."

* * *

आता जो किस्सा सांगतो त्याचा मले राग आहे. आजही आहे.

रंजना अकरावीत होती तेव्हा एक आठवडा तीन रायफली एकदम बिघडल्या. दर दहा गोळ्यांत दोन 'टक्'. प्रदीप तेव्हा सीनियर झालेला. तो सगळ्यांले सांगत फिरे, "गोळ्या खराब आहे. पूर्ण लॉट खराब आहे." मी दुकानदाराले फोन केला, लय बोललो. तो बिचारा म्हणे, बदलून देतो.

मग मी न उडालेल्या गोळ्या ओळीनं मांडल्या अन् बाजूले उडालेल्या गोळ्यांची खोकी, म्हणजे मागं राहतात ती रिकामी पितळी नळकांडी. भिंग लावलं. उडालेल्या खोक्यांवर खूण खोल. न उडालेल्यांवर खूण उथळ, जशी नखानं दाबली. म्हणजे गोळीचा दोष नाई, पिन मार देत नाई. पिना काढल्या तं तिन्हींची टोकं बोथट. घराच्या काठावर पिनेएवढा खड्डा.

मले समजलं. कोणीतरी रिकामी रायफल चालवून राह्यलं होतं. गोळी नसली की पिन सरळ लोखंडावर जाऊन पडते. ठोक ठोक करून टोक जाते.

"कोण?" मी विचारलं. एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी प्रदीप उठला. दुपारी प्रभाबाई डबा खाऊन डुलकी घेत तेव्हा तो तिन्ही रायफली घेऊन प्रॅक्टिस करे. गोळीशिवाय, बाईंची झोप मोडू नये म्हणून.

मी असा तापलो की मिलमधला भोंगा झक मारे. म्हटलं, "झोप मोडू नये हे ठीक, पण आठ दिवस गोळीवर नाव काऊन टाकलं? त्या दुकानदाराले मी शिव्या देल्ल्या, त्या कोण परत घेईल? ऐका बे सगळे. कारण दुसऱ्याच्या घरात असलं की सगळेच सांगतात. आपल्या घरात असलं तरी सांगायचं, तो खरा नेमबाज. खूण कधी खोटं बोलत नाई."

रंजना समोर बसली होती. तिनं दोन गोळ्या उचलल्या, एक खोल खुणेची, एक उथळ खुणेची, उजेडात धरल्या अन् किती वेळ पाहत राह्यली. मले बरं वाटलं. माहं भाषण वाया नाई गेलं असं वाटलं.

दुकानदाराले मी फोन करून माफी मांगतली. प्रदीपले समोर उभा ठेवून.

* * *

आता माहंही एक सांगून टाकतो, नाई तं तुम्ही म्हणाल गजूभाऊ फक्त दुसऱ्याचे काढते.

मले तेल द्यायची सवय आहे. मिलमध्ये बेअरिंगनं चूं केलं की आमचा हात तेलाच्या डब्ब्यावर. फिटरची माया अशीच असते. घरच्या दाराले तेल, पंख्याले तेल. बायकोच्या शिलाई मशीनले एवढं देल्लं की तिनं शेजारणीचा ब्लाउज शिवला तं त्यावर मागून डाग. त्या ब्लाउजवरून दोन घरांत आठ महिने अबोला होता.

प्रभाबाईले हे माहीत. रायफलीच्या बोल्टात तेल लागते ते थेंबाच्याही अर्धं. तेल जास्त झालं तं ते पिनेच्या स्प्रिंगले धरून ठेवते, पिन चिखलातून चालल्यासारखी येते. म्हणून बाईंनी माहा तेलाचा डब्बा स्वतःच्या कपाटात ठेवला अन् चावी पदराले बांधली. काम असलं की मांगायची. अकरा वर्षं मी त्यांले "बाई, एक थेंब द्या" म्हणत आलो. माह्यासारख्या माणसाले.

* * *

अन् आता रंजनाच्या मॅचचा.

ती बारावीत होती. राज्याच्या संघाची निवड, ज्युनियर गटातलं तिचं शेवटचं वर्ष. चार पोरी घेणार होते. निवड झाली तं मोठ्या कॅम्पले जायचं, तिथीच कॉलेज, तिथीच रायफल. नाई झाली तं बारावीनंतर सगळं बंद, हे तिच्या बापानं तिले सांगतलं होतं. वाईट मनानं नाई. तो म्हणे, "पोरी, मी किती वर्षं पाहू?" रंजनानं हे मले एकदाच सांगतलं, पुन्हा कधी नाई बोलली.

मॅचले मी अन् प्रभाबाई दोघंही जाणार होतो. नेमका बाईंचा पाय मुरगळला. मग मी एकटाच पोट्टीले घेऊन निघालो. तेलाचा डब्बा बाईंच्याच कपाटात राह्यला, चावी त्यांच्या पदराले.

आदल्या दिवशी संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत मी रायफल उघडली. काही बिघाड नव्हता. पण मनात धाकधूक. माह्या थैलीत मिलचं बेअरिंगचं ग्रीस होतं, जुनं, घट्ट, पिवळं. आमच्या मशिनी त्याच्यावर वीस वर्षं चालल्या. मी म्हटलं, पोट्टीचा मोठा दिवस आहे, जरा नीट करून देऊ. बोटभर घेतलं अन् बोल्टात भरलं. दाबून पाह्यलं, लोण्यासारखा चाले. मी खुशीनं जेवलो.

सकाळी धुकं. डिसेंबरची थंडी, उघडी रेंज. हात खिशातून काढावा वाटे ना. साठ गोळ्या, पन्नास मिनिटं. गोळ्या मॅचवाल्यांनीच देल्ल्या, सगळ्यांले एकाच पेटीतल्या.

रायफल खोलीतून उबेत गुंडाळून आणली होती, तं पहिल्या गोळ्या मस्त गेल्या. मी कठड्यामागून दुर्बिणीतून पाहून राह्यलो होतो. दहा, दहा, नऊ, दहा. वीस गोळ्या, पंचवीस, तीस. शेजारच्या क्लबचा कोच मले म्हणे, "ही कुठची पोरगी?" मी म्हटलं, "मूलची. आमची."

बत्तिसावी 'टक्'.

हात वर. रंजना तशीच पडून. जाळं तळाले गेलं. मग बोल्ट उघडला, दुसरी घातली. 'फाट्'. पुढची 'टक्'. पुन्हा हात वर. मग लगोलग अजून दोन 'टक्'. घड्याळ चालूच होतं. रेंज ऑफिसर आले, माणूस शांत, पिकल्या मिशांचा. त्यांनी मले आत बोलावलं.

"भाऊ, गोळ्या आमच्या आहेत," म्हणे. "पेटी खराब असू शकते. तुम्ही दोघांनी तसं लिहून दिलं तर नियमाप्रमाणे गेलेला वेळ परत मिळेल. रायफलचा दोष असेल तर मात्र वेळ मिळत नाही. घड्याळ चालू राहील, तेवढ्यात दुरुस्त करा." असं बोलून न उडालेल्या चार गोळ्या माह्या हातात देल्ल्या.

मी पाह्यलं. चारही गोळ्यांच्या काठावर खूण उथळ, नखानं दाबल्यासारखी.

मले त्याच क्षणी समजलं. रात्री भरलेलं ग्रीस, तासभराची थंडी, लोखंड गारठलं अन् ग्रीसचं मेण झालं. पिन चिखलातून चालून राह्यली होती. अन् तो चिखल मी भरला होता.

मी खोटं नाई बोललो, पण खरंही नाई बोललो. ऑफिसरनं पेन काढला होता. मी फक्त मान हलवली असती तं पोट्टीले वेळ मिळाला असता. अन् माही मान हलायले लागली होती, हे मी आज तुम्हाले सांगून राह्यलो. पोट्टीचं अख्खं पुढचं आयुष्य त्या मानेवर होतं अन् मले त्याच्यापुढं दुसरं काही दिसे ना.

रंजना चटईवर उठून बसली. रायफलीचं तोंड टार्गेटकडंच ठेवलं. माह्या हातातून एक गोळी घेतली, चटईवरचं एक उडालेलं खोकं उचललं, दोन्ही बाजूबाजूले धरले. शेडमधल्या त्या दिवशीसारखेच.

"साहेब, गोळी ठीक आहे," म्हणे. "पिन हळू मारून राह्यली. बोल्टात तेल जास्त झालं."

ऑफिसर थांबले. "बेटा, असं लिहिलं तर वेळ मिळणार नाही. समजलं ना?"

"हो जी. लिहा."

एकोणीस मिनिटं उरली होती. गोळ्या अठ्ठावीस.

मी बोल्ट घेतला अन् बाजूच्या टेबलावर खोलायले बसलो. बावीस वर्षं मी स्प्रिंगा काढल्या, डोळे मिटून काढल्या, पण त्या दिवशी पिन दोनदा हातातून सटकली. डोळ्यात पाणी, दिसे ना. रंजना मागं येऊन उभी राह्यली. मले वाटलं, आता बोलेल काही. बोलायलेच पाह्यजे होतं तिनं.

"काका," म्हणे, "जाळं तळाले जाऊ द्या."

मी हात टेबलावर ठेवले. श्वास घेतला. मग माचिसच्या काडीले माह्या गळ्यातल्या दुपट्ट्याची चिंधी गुंडाळली अन् आतमधून ते पिवळं ग्रीस कोरून कोरून काढलं. स्प्रिंग पुसली, पिन पुसली, कोरडी ठक्क केली. बोल्ट जोडला अन् दोन मिनिटं काखेत धरून बसलो, ऊब यावी म्हणून. शेजारचा कोच पाहत होता. पाहू दे.

बोल्ट परत देल्ला तेव्हा दहा मिनिटं उरली होती. अठ्ठावीस गोळ्या, दहा मिनिटं. एका गोळीले वीस सेकंद, त्यातही थोडी पळवापळवी. रंजना एका गोळीले चाळीस घेते.

ती झोपली. 'फाट्'. मी दुर्बीण नाई लावली. मी फक्त आवाज मोजले. एक नाई चुकला. शेवटचा आवाज आला अन् मागून शिट्टी झाली, इतक्या जवळ की मी विचारलं, "गेली ना? धरली ना?" ऑफिसर म्हणे, "धरली."

बोर्ड लागायले तास लागला. रंजनाचं नाव चौथं होतं. पाचवीत अन् तिच्यात एका पॉइंटचा फरक. मी तिथी जमिनीवरच बसलो. रंजनानं पहिला फोन बापाले लावला, तलावावर असते तो या वेळेले, फोन उचलत नाई. तीन वेळा लावला. मग प्रभाबाईले लावला अन् म्हणे, "बाई, झालं. काका बरे आहेत." ग्रीसचं एक अक्षर नाई सांगतलं.

निघायच्या वेळेले ते मिशीवाले ऑफिसर फॉर्म घेऊन आले. रायफल बिघाडाची नोंद, खाली खेळाडूची सही झालेली, आर्मररची बाकी. 'कारण' या रकान्यात रंजनाच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'गजाननकाकांनी बोल्टात ग्रीस जास्त भरलं.'

ऑफिसर माह्याकडं पाहून जरा संकोचले. "भाऊ, तुमच्याच पोरीनं तुमचं नाव लिहिलं आहे. काही म्हणायचं असेल तर सांगा, मी शब्द बदलतो."

मी पेन घेतला, सही केली.

"शब्द नका बदलू जी," म्हटलं. "खाली एक ओळ वाढवा."

"काय लिहू?"

"हे कारण ओळखायले तिले शिकवलं, तेही याच गजाननकाकानं."